पाठारेच्या पेशी आणि माझ्या पेशी

३ डिसेंबर १९९०
नवी डायरी, म्हणून पहिल्या पानावर नाव: प्रभाकर दिघे, डोंबिवली पूर्व. नोकरी वागळे इस्टेटमधल्या जनावरांच्या लशी करणाऱ्या कंपनीत. गुरांच्या पेशी वाढवण्याचा चौदा वर्षांचा अनुभव.
संकल्प: डॉ. सुधीर पाठारेचा हेवा करणं आजपासून बंद. मुळात करत नव्हतोच. चार महिन्यांपूर्वी लागलेल्या पोराचा कसला हेवा?
फेब्रुवारीत बंगलोरला परिषद. गुप्तेसाहेब म्हणाले, तुम्हा दोघांत ज्याचे आकडे चांगले, तो पेपर वाचायला जाईल. म्हणजे मी. वासंतीला सांगून टाकलं. सफारीचं कापड बघून ठेवलं.

५ डिसेंबर
प्रयोग सोपा आहे. वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशी बाटलीत वाढवायच्या, त्यांना विषाणू लावायचा. विषाणू शिरला की पेशी कसली कसली रसायनं सोडतात. त्या सुगाव्याने, आपण बाटलीत वेगळ्या सोडलेल्या, रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत सुटतात, चाळीत भांडण लागलं की सगळे गॅलरीत येतात तशा. हाच दाह. किती आल्या ते मायक्रोस्कोपखाली मोजायचं. झालं!
पाठारे हेच साहेबांना इंग्रजीत सांगतो, म्हणून साहेबांना ते नवीन वाटतं.

६ डिसेंबर
नवा इन्क्युबेटर पाठारेला. जुना मला. मागितलाच नव्हता मी नवा. (मागितला होता. पण लेखी नाही.)

११ डिसेंबर
थंडी. घरी दही लागत नाही म्हणून वासंतीची कुरकुर. माझा इन्क्युबेटर रात्रंदिवस गाईच्या अंगाइतका उबदार, आणि खालचा कप्पा रिकामा! दूध विरजून डबा ठेवून दिला. सकाळी सुरीने कापावं असं दही. विज्ञान घरोघरी पोचलं पाहिजे ते असं.
जेवणाच्या सुट्टीत पाठारेने दोनदा घेतलं. म्हणाला, वहिनींच्या हाताला चव आहे हो. दही लावलं मी, कौतुक वहिनींचं. वर वासंतीला हे कळल्यावर ती दिवसभर खूश. एकटा राहतो कोपरीत, बिचारा, म्हणाली. बिचारा!

१७ डिसेंबर
पाठारे पेशींच्या खाद्यात अँटिबायोटिक घालतो. मी बंद केलं. गोठ्यातली गाय काय अँटिबायोटिक पिते? पेशींनाही स्वाभिमान असतो.

२१ डिसेंबर, दुपारी
 माझ्या बाटल्यांत पांढऱ्या पेशी पाठारेच्या चौपट!! खाद्याचा गुलाबी रंगही पार पिवळा झालाय, पेशी जोमात असल्याचं लक्षण. साहेबांनी पाठ थोपटली. पाठारे म्हणाला, अभिनंदन, दिघेसाहेब. चेहरा हसरा होता, पण आतून जळत असणार. मी ओळखतो ना.
येताना शिंप्याकडे माप देऊन आलो.

२२ डिसेंबर
वाटलंच. पाठारेने साहेबांसमोर विचारलं, विषाणू न लावलेल्या बाटलीत किती पेशी आल्या? मी सांगितलं, ती बाटली नवशिक्यांनी मोजायची असते. साहेब म्हणाले, तरी मोजा.
घरी वासंतीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, अहो, महिना झाला, जेवताना दुसरा विषय नाही तुम्हाला. पाठाऱ्यांना इथेच जेवायला बोलवा म्हणजे निदान भाजीबद्दल बोलता येईल.

२८ डिसेंबर
विषाणू न लावलेल्या बाटलीतही तेवढ्याच आल्या. मी म्हणालो, सर, माझ्या पेशी सावध आहेत, आधीपासूनच तयारीत असतात. साहेबांनी पाठारेला हाक मारली.
पाठारेने थेंबभर खाद्य काचेवर घेऊन पाहिलं. माळेसारखे जंतू, खच्चून भरलेले. पेशी भडकल्या त्या जंतूंमुळे, आणि खाद्य पिवळं पडलं तेही त्यांनीच आंबवल्यामुळे. मग त्याने माझा इन्क्युबेटर उघडला. आत कालचं दही. मोठा डबा होता, कारण उद्या श्रीखंड करायचं होतं.

२९ डिसेंबर
साहेब जे बोलले ते इथे लिहीत नाही. पाठारे मध्ये पडला. म्हणाला, सर, उलट हे उपयोगीच आहे. पेशी विषाणू आणि जंतू, दोन्हींना बघून पेटतात, म्हणून आकड्यावर भुलू नये. एक स्लाइड होईल.
माझा डेटा चोरला! चौदा वर्षांच्या अनुभवातून आलेला डेटा!
बंगलोरला तो जाणार. सफारी शिवून तयार आहे.

१३ जानेवारी १९९१
पाठारेची भरभराट. मला ॲसिडिटी. वासंती म्हणते, ताक घ्या. घरात या विषयावर बंदी घातली.

४ फेब्रुवारी
पाठारेला कांजिण्या! विषाणूंवर पेपर लिहिणाऱ्याला विषाणूनेच धरलं. मला वाईट वाटलं. खरंच. दोन-तीन मिनिटं तरी.
साहेब म्हणाले, दिघे, त्याचा पेपर तुम्ही वाचून या. बघा! शेवटी योग्य माणूसच जातो.
वासंतीने पाठारेकडे मऊ भात पाठवला. माझी बॅग अजून भरलेली नाही.

१२ फेब्रुवारी, बंगलोर
नोंदणी पाठारेच्या नावाने आधीच झालेली. त्यामुळे बिल्लाही त्याच्याच नावाचा. टेबलावरची बाई फार गडबडीत होती. चहाच्या वेळी बदलून घेऊ म्हटलं आणि लावला.
चहाच्या वेळी राहून गेलं.
पेपर वाचला. आवाज छान लागला. टाळ्या. एका पांढऱ्या केसांच्या प्रोफेसरांनी खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, पाठारे, तुझ्या वयात इतकं नेटकं काम कमी दिसतं. मी थँक यू म्हणालो. दुसऱ्याने पत्ता घेतला. जेवताना मला मधल्या टेबलावर बसवलं. चौदा वर्षांत असा दिवस आला नाही. इतकं हलकं वाटत होतं की कुणाचा हेवाच वाटेना.
मग दह्याच्या स्लाइडचा विषय निघाला. कोण महाभाग इन्क्युबेटरमध्ये दही लावतो, असं एकाने विचारलं. मी म्हणालो, आहेत आमच्याकडे एक सिनियर. टेबल हसून लोटपोट. मग मी अँटिबायोटिकचं सांगितलं, श्रीखंडाचं सांगितलं, सावध पेशींचंही सांगितलं. प्रोफेसरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही खूप हसलो.
त्यांनी विचारलं, नाव काय या गृहस्थांचं?
पाठारेने पेपरात ते नाव कुठेच लिहिलेलं नाही.
मी सांगितलं.