सरकारी साक्षीदार हजर आहे

तीर्थस्वरूप दाजींच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार. (राग बाजूला ठेवून घातलेला आहे. राग पुढच्या परिच्छेदापासून सुरू होतो.) तुमचे गुडघे कसे आहेत? ताईने कळवलं की मी पाठवलेली नवी गादी तुम्हाला दगडासारखी लागते. दाजी, मऊ गादीने पाठीचं वाटोळं होतं हे मी तुम्हाला किती वर्षं सांगतोय! महिनाभर नेट धरून झोपा. तरीही टोचली तर कळवा, एक थर काढून देईन. ताईचा खोकला गेला असेल. इकडे आमचं सगळं ठीक आहे, म्हणजे तुमचं पत्र येईपर्यंत होतं.

ते पत्र मी दुकानात, गिऱ्हाईक समोर उभं असताना उघडलं, ही माझी चूक. तळपायाची आग मस्तकात गेली आणि गिऱ्हाइकाच्या उशीची खोळ मी उलटी शिवून टाकली. म्हणे मी भर कोर्टात आरडाओरडा केला, एका गांजावाल्याला जामीन मिळवून दिला आणि तुमच्या सासुरवाडीचं नाव बुडवलं! हे तुम्हाला कुणी सांगितलं तेही मला माहीत आहे. तुमचा पुतण्या कोर्टाच्या जिन्याखाली बसून स्टॅम्पपेपर विकतो आणि बातम्या फुकट वाटतो. आता माझं ऐका. निवृत्त मुख्याध्यापकाला ऐकून घ्यायची सवय नसते, पण पत्राला 'खाली बस' म्हणता येत नाही, एवढा तरी माझा फायदा आहे.

पाच वर्षांपूर्वी पोलीस माझ्या दुकानात आले ते माणूस मागायला नव्हे, वजनकाटा मागायला. बाजारात बाकी सगळ्यांचे काटे किलोभराचे, कापसाचे गठ्ठे तोलणारा मोठा काटा माझाच. दिला. मग म्हणाले, काट्याबरोबर तुम्हीही चला, पंच म्हणून. चौकात एक टेंपो अडवला होता. वर पशुखाद्याची पोती, खाली गांजाची. माझ्यासमोर ती तोलली, बांधली, लाखेने सील केली, मी सह्या केल्या, आणि मग त्यांनी माझा काटाही सील करून नेला! (तेव्हापासून मी कापूस शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर तोलतो आणि गिऱ्हाइकं माझ्याकडे चोराकडे बघावं तशी बघतात.) टेंपोवाला रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून एकच धोशा लावत होता, की माल मालकाने भरला, माझ्या हातात नुसतं स्टिअरिंग. मला त्याचा असा काही संताप आला होता की माझ्या हातात असतं तर मी त्यालाही लाख लावली असती. तेव्हा मला गांजावाल्यांचा कैवारी म्हणायच्या आधी हे लक्षात घ्या.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी ती इतक्यांदा चढलो आहे की तिसरी पायरी सैल आहे हे नव्या वकिलांना मीच सांगतो. समन्स आलं की शटर अर्धं ओढायचं आणि निघायचं, हा माझा नेम. एकही तारीख मी चुकवलेली नाही, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही (बायको अजून त्यावरून बोलते). आणि तिथे जाऊन बघावं तर काय? कधी तपास करणारे साहेब बंदोबस्ताला गेलेले. कधी न्यायाधीशांची बदली झालेली आणि नवे अजून आलेले नाहीत. कधी मुद्देमालाच्या खोलीची किल्ली रजेवर गेलेल्या हवालदाराच्या खिशात. एकदा सगळे जमले, मुद्देमाल आला, साहेब आले, मी देवाचे आभार मानले, तर कोणी एक वकील वारले म्हणून काम बंद. पुढची तारीख घ्या. ती घेऊन मी घरी यायचो आणि बायको विचारायची, आज काय विचारलं? मी म्हणायचो, मला फक्त माझं नाव विचारलं.

टेंपोवाल्याला तुरुंगातून आणायचे आणि व्हरांड्यातल्या त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसवायचे, कारण व्हरांड्यात बाक एकच. त्या बाकाचा एक पाय तोकडा. मी एकदम उठलो की दुसरं टोक खाली जायचं आणि टेंपोवाला हवालदारासकट जमिनीवर! असं एकदा झाल्यावर मी उठण्याआधी सांगायला लागलो, "उठतोय हं." तो म्हणायचा, "उठा, मी धरलंय." पहिली दोन वर्षं आमचं एवढंच बोलणं. पुढे मी पाहिलं की त्याचा तोच शर्ट त्याला सैल होत चाललाय आणि डोक्यावर काळं शोधावं लागतंय. पण साक्षीदाराने आरोपीशी काय बोलायचं?

मग एके दिवशी त्याची बायको दुकानात आली आणि म्हणाली, पुढच्या तारखेला येऊ नका. दाजी, मी असा भडकलो की हातातली दाभण फेकली (भिंतीला लागली). साक्षीदार फोडायला आलीस काय, म्हणून तिला हाकलून दिलं. ती कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली, आणि माझ्यापेक्षा वरच्या पट्टीत ओरडली. माल एवढा मोठा असला की कायदा जामीन देतच नाही म्हणाली, फक्त खटलाच हलत नसेल तर एक दार किलकिलं होतं, आणि त्या दारात तुम्ही उभे आहात! दोनदा अर्ज फेटाळला तो तुमच्यामुळे. साक्षीदार प्रत्येक तारखेला येतात, खटला आता सुरू होईल, मग उशीर कुठला? असं निकालात लिहिलंय. माझा विश्वास बसला नाही. न जाण्याचा तर प्रश्नच नव्हता, वॉरंट निघतं. आणि खरं सांगायचं तर नेम मोडायला माझं मन तयार नव्हतं.

तिसऱ्या अर्जाच्या दिवशी मी व्हरांड्यात न बसता आत जाऊन बसलो. सरकारी वकील उठले आणि मागे न बघताच, कापडवाला ताग्याकडे हात करतो तसा त्यांनी माझ्याकडे हात केला. "सरकारी साक्षीदार हजर आहे. खटला कोणत्याही क्षणी सुरू होऊ शकतो." तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाच वर्षं या लोकांना माझी जीभ नको होती, दाजी, त्यांना माझं बूड हवं होतं! तो माणूस आत राहावा म्हणून मी बाक झिजवत होतो, आणि घरी येऊन स्वतःलाच सज्जन म्हणवून घेत होतो.

मी उभा राहिलो. हो, ओरडलो. हजर आहे म्हणता ना, मग घ्या माझी साक्ष, आत्ताच्या आत्ता घ्या! शिपाई माझ्या अंगावर धावला, तुमचा पुतण्या दारातून डोकावला (तेवढं त्याने बरोबर पाहिलं). पण न्यायाधीश बाई नवीन होत्या. त्यांनी शिपायाला थांबवलं आणि सरकारी वकिलांना शांतपणे विचारलं, काय हरकत आहे, घेऊ या ना? झालं! वकीलसाहेब कागद चाळायला लागले. मुद्देमाल आणलेला नाही. तपास अधिकारी बदलून गेले, कुठे ते कळवलेलं नाही. दुसरे पंच आजारी आहेत. ते आजारी नाहीत, ते वारले, हे मी सांगितलं, कारण खांदा मी दिला होता. बाई एकेक गोष्ट लिहून घेत गेल्या. शेवटी म्हणाल्या की आरोप कितीही गंभीर असला तरी खटला न चालवता माणसाला असं अनंतकाळ ठेवता येणार नाही, आणि जामीन दिला. मला आणखी काही सांगायचं आहे का विचारलं. मी म्हणालो, माझा काटा. सगळं कोर्ट हसलं. मग आरडाओरडा केल्याबद्दल मला कोर्ट उठेपर्यंत भिंतीला टेकून उभं केलं. म्हणजे जामीन मी मिळवून दिलेला नाही, तो सरकारी वकिलांनी स्वतःच्या तोंडाने मिळवून दिला.

तुम्ही लिहिता, असल्या नतद्रष्टांनी पिढ्या नासवल्या, त्यांना सडू द्यावं. नासवल्याच, मी कुठे नाही म्हणतो? दोषी असेल तर ठेवा आत, मीच साक्ष देईन. पण दोषी आहे की नाही ते आधी ठरवा तरी! तुमच्या शाळेत कॉपी करताना पोरगा सापडला की तुम्ही दुपारच्या आत निकाल लावायचात आणि त्याचा तुम्हाला अभिमान होता. चौकशी करायला गुरुजी सापडत नाहीत म्हणून तुम्ही एखाद्याला पाच वर्षं वर्गाबाहेर अंगठे धरायला लावलं असतंत का? आणि उद्या तो निर्दोष ठरला तर त्याला ही वर्षं कोण परत देणार? मला भयंकर राग आलाय, दाजी, आणि तो उतरत नाही.

कळावे. लोभ असावा. (तुमच्या पत्रात शोधूनही सापडला नाही, पण घरात कुठेतरी असेल.)

आपला मेहुणा,
गादीवाला

ता. क. जामीन मिळाला तरी टेंपोवाला अजून आतच आहे. जामीनदार लागतो, इथलाच, अब्रूदार, स्वतःच्या नावावर घर असलेला. टेंपोचा मालक परागंदा आहे आणि सख्खा भाऊ फोनवर राँग नंबर म्हणतो. मी स्वतः उभा राहायला गेलो, तर माझं दुकान भाड्याचं, घर भाड्याचं, आणि कारकून म्हणाला की सरकारी साक्षीदार आरोपीला जामीन राहिलेला मी जन्मात ऐकला नाही. तुमच्या नावावर घर आहे. कर्जाविना बांधलेलं आहे, हे तुम्ही प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगत आला आहात. बाकी तुम्ही सुज्ञ आहात.

ता. क. दुसरे. ताईला काही बोलू नका असं लिहिणार होतो, पण तिच्याशी माझं कालच फोनवर बोलणं झालंय. घराचे कागद तिने काढून ठेवले आहेत. ती म्हणाली, त्यांना नीट, मान देऊन लिही, म्हणजे नाही म्हणणार नाहीत. म्हणून हे पत्र.

ता. क. तिसरे. तो पळून जाईल अशी तुम्हाला भीती वाटेल. मी त्याला बाकावर स्पष्ट सांगितलं आहे की खटला उभा राहिला की पोती तुझ्या टेंपोत होती असं मी सांगणार, कारण ती होती. तो म्हणाला, सांगा. नंतर तुरुंगातल्या लोकांनी त्याला विचारलं, बाहेर तुझं भरवशाचं कोण आहे, ज्याला निरोप धाडू? त्याने माझं नाव दिलं. बायको सोडली तर प्रत्येक तारखेला आलेलं दुसरं माणूस त्याला आठवलंच नाही. निरोप घेऊन आलेला शिपाई हे सांगताना पोट धरधरून हसत होता. मला हसता आलं नाही, दाजी. शुक्रवारी कोर्ट उघडायच्या आधी या. मी तिथे असेनच.