अण्णांची फोटोची पेटी

।। श्री ।।

पिंपरी, ४ सप्टेंबर १९५५

ती. ताईस, उद्धवचा साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सुमन पहिल्या बाळंतपणाला तुझ्याकडे आली हे वाचून आई सकाळपासून डिंकाच्या लाडवांच्या गोष्टी करते आहे. लेकीचं बाळंतपण उरकेपर्यंत तुला बार्शीहून हलता येणार नाही, हे तिनं ओळखलं आणि लगेच जाहीरही केलं.

आता आमच्याकडची बातमी. नदीकाठचा आपला मळा कारखान्याच्या हद्दीत गेला हे तुला माहीत आहेच. परवा मोजणीदार येऊन चुन्याच्या रेघा मारून गेले. विहीर, आंबा, सगळं रेघेच्या आत. दिवाळीच्या पाडव्यानंतर ताबा द्यायचा. चिंचवडगावात घराची सोय झाली आहे, ती काळजी करू नकोस.

मी आईला म्हटलं की मळा जायच्या आत आंब्याखाली तुझा एक फोटो काढून घेऊ, पुण्याहून फोटोवाला आणतो. तिनं साफ नकार दिला. परक्याच्या पेटीपुढं आपण उभं राहणार न्हाई म्हणाली. काढायचा तर ह्यांच्या पेटीनं काढ.

ह्यांची पेटी म्हणजे अण्णांच्या खडकीच्या नोकरीतल्या साहेबानं विलायतेला जाताना अण्णांना दिलेला तो घडीचा कॅमेरा. अण्णा गेले त्याच्याही आधीपासून ती बंद आहे. अण्णांनी तिच्यातून अख्ख्या गावाचे फोटो काढले, पण आईचा एकही नाही आणि त्यांचा स्वतःचाही नाही. खडकीहून परतल्यावर उतरत्या उन्हात काढायचे, ऊन पाठीशी घेऊन. त्यामुळे प्रत्येक फोटोच्या खालच्या कडेला त्यांच्या पागोट्याची सावली तेवढी आहे.

पुण्यात दोन दुकानांत दाखवली. पहिल्यानं हातात न घेताच ती शोभेला ठेवायला सांगितलं. दुसरा मला नवीच विकायला निघाला. शेवटी भोसरीच्या बाजारात कळलं की दिघीला ज्योतीराम म्हणून एक गृहस्थ आहेत. लष्कराच्या वर्कशॉपात दुर्बिणी दुरुस्त करायचे, आता पेन्शनीत घरीच जुने कॅमेरे बघतात. सायकल काढली आणि गेलो. त्यांनी पेटी कानाशी धरून हलवली, आणि पहिला फोटो कशाचा काढणार, किती पावलांवरून, ते विचारलं. त्याशिवाय ते काम घेतच नाहीत. पेटीवरचे अंतराचे आकडे झिजलेत, म्हणून त्या एका अंतराला ते भिंग बसवून देणार. घरी येऊन विहिरीच्या कठड्यापासून आंब्यापर्यंत मोजलं. बावीस पावलं.

माया आहे तशीच राहू दे, आणि पत्र जरा लांब लिही.

तुझा,
उद्धव

।। श्री ।।

बार्शी, १२ सप्टेंबर १९५५

चि. उद्धवास, ताईचे अनेक आशीर्वाद.

त्या पेटीला घाबरून रडणारा मुलगा आज तिच्यासाठी दिघीपर्यंत सायकल मारतो, हे वाचून हसू आलं. अण्णांनी झाकण उघडलं आणि तो काळा भाता पुढं आला की तू आईच्या पदराआड जायचास. तुझा एकमेव लहानपणचा फोटो आहे त्यात तुझा अर्धा कान आणि आईचा पदर दिसतो.

सुमन बरी आहे. दुपारी ती झोपली की मीही तिच्याशेजारी पडते. डोळा लागतो न लागतो तोच मळ्यातल्या पाटाचं पाणी ऐकू येतं. मी त्याच्या कडेनं चालते आहे, पुढं अण्णांची सावली चालली आहे, आणि तिच्यावर पाय पडू नये म्हणून मी बाजूनं चालते. मग कुणीतरी भांडं वाजवतं आणि मी बार्शीला असते.

माझ्याकडे एक फोटो आहे तो तुला आठवतो का? कठड्यापासूनचाच आहे. समोर आंबा, कुणी माणूस नाही, आणि खाली डाव्या बाजूला पागोट्याची सावली. तो मी कपाटात साडीच्या घडीत ठेवला आहे.

एक सांगते. पेटी खंडेनवमीच्या आत घरी आण. त्या दिवशी मळ्यातल्या सगळ्या अवजारांची पूजा होते आणि त्यात अण्णांची पेटी नसली तर आई अन्न घेणार नाही.

तुम्हा दोघांची रोज आठवण काढणारी,
ताई

दिघी, २९ सप्टेंबर १९५५

रा. रा. उद्धवराव यांस, ज्योतीरामचा रामराम.

आपली पेटी पूर्ण खोलली. भिंग उत्तम आहे. भात्याच्या कोपऱ्यांना बारीक छिद्रं होती. आत दिवा ठेवून पाहिलं तर चांदण्यासारखी दिसली. पुण्यात बाजाच्या पेट्या करणाऱ्या कारागिराकडून पातळ कातडं आणून सगळी बुजवली.

खरा आजार शटरचा. भिंगामागं पोलादी पाकळ्या असतात. बटण दाबलं की त्या क्षणभर उघडून मिटतात. त्या एकमेकींना घट्ट चिकटल्या होत्या. मी वाळू निघेल, गंज निघेल असं धरून चाललो होतो. निघालं करडईचं तेल. त्यात हळद, कुंकू, आणि दोन पाकळ्यांच्या मध्ये तांदळाचा एक दाणा. चाळीस वर्षांत मी तोफखान्याच्या दुर्बिणींतून मुंग्या काढल्या, एकदा विंचू काढला, पण अक्षत प्रथमच. ती पुडीत बांधून ठेवली आहे.

हे एका वर्षाचं काम नव्हे. दरसाल कुणीतरी मोठ्या मायेनं तेल घातलेलं दिसतं. उद्धवराव, मोटेच्या चाकाला तेल लागतं, शिवणाच्या यंत्राला लागतं. या पाकळ्या मात्र कोरड्या ठणठणीत असाव्या लागतात. मी प्रत्येक पाकळी पेट्रोलनं तीन वेळा धुतली आहे. पुन्हा एक थेंब पडला तर दिवाळीच्या आत मला ती नीट करून देता येणार नाही. हे त्या मायेच्या माणसाला आपणच सांगावं. माझी जीभ लष्करातली आहे.

भेटीत चहा पिऊ.

आपला,
ज्योतीराम

।। श्री ।।

पिंपरी, ३ ऑक्टोबर १९५५

ती. ताईस, उद्धवचा नमस्कार.

ज्योतीरामांचं पत्र सोबत पाठवतो आहे. आधी ते वाच, मग माझं.

वाचलंस? आता मी काय करू? मळा जाणार म्हणून रडायला तिला सवड नाही, पण नवमीच्या पूजेची तयारी चालू आहे. करडईचं ताजं तेल काढून आणलं, बाटलीला बूच लावून देवळीत ठेवलं. विळे, कोयता, मोटेचं चाक आणि पेटी, असं बोटांवर मोजते. म्हणते, ह्यांची मशीन पडून ऱ्हायली ती ऱ्हायली, पण तेल कधी चुकवलं न्हाई.

हे ज्या अभिमानानं म्हणते ना, ते ऐकून तिला कसं सांगू की त्याच तेलानं ती बसली? एकदा वाटलं, नवमी झाल्यावरच पेटी आणावी आणि काम संपलं नाही म्हणून थाप मारावी. पण मग ती जेवणार नाही. बाटलीत पाणी भरून ठेवावं असंही मनात आलं. तेवढी अक्कल शाबूत आहे म्हणून केलं नाही.

तू थोरली आहेस. मार्ग सुचव.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
उद्धव

।। श्री ।।

बार्शी, १० ऑक्टोबर १९५५

चि. उद्धवास आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एक गोष्ट मी सत्तावीस वर्षं कुणाला सांगितली नाही, ती आज लिहिते.

आजोबा होते तोवर सासऱ्यांसमोर मान वर करून फोटोला बसायची आईची छाती नव्हती. ते गेले, वर्ष सरलं, आणि अण्णा म्हणाले की यंदा दसऱ्याला सोनं लुटायच्या आधी हिचा फोटो. मी बारा वर्षांची होते. आईनं आदल्या दिवशी नवमीची पूजा केली आणि आनंदाच्या भरात पेटीला दुप्पट तेल घातलं. दसऱ्याला संध्याकाळी ती हिरवं लुगडं नेसून आंब्याखाली जाऊन बसली. अण्णांनी बटण दाबलं. पेटी वाजलीच नाही.

अण्णांनी भिंगात डोकावून पाहिलं. मी शेजारीच होते. काच तेलानं तुपासारखी चकाकत होती. अण्णांनी पेटी मिटली आणि आईला हाक मारून सांगितलं की फिल्म संपली, आता मिळणं कठीण दिसतं. मग माझ्याकडे बघून हलकेच म्हणाले की ताई, तिला हे कधी कळता कामा नये. त्यानंतर सहा वर्षं ते जगले. दर वेळी विचारलं की फिल्म मिळत नाही म्हणायचे.

आता तू ठरव. मला वाटतं, अण्णांचा शब्द मोडू नये. पण आईचा फोटो दुसऱ्यांदा हुकू नये असंही वाटतं. मार्ग विचारलास आणि मी गाठ आणखी आवळून पाठवली.

राग धरू नकोस.

तुझी,
ताई

।। श्री ।।

पिंपरी, ३० ऑक्टोबर १९५५

ती. ताईस, उद्धवचा नमस्कार.

तुझं पत्र आल्यावर मी गप्पच बसलो. नवमी उजाडली तरी गप्प. सकाळी ज्योतीराम स्वतः पेटी घेऊन सायकलवरून आले. आईनं अवजारं अंगणात मांडली, पेटी मधोमध ठेवली, आणि बाटलीचं बूच काढलं. मी बाटली घ्यायला पुढं झालो. त्याआधीच ज्योतीरामांनी आईचा हात सरळ मनगटाशी धरला. म्हणाले, बाई, हिला तेल म्हणजे विष आहे, तेलानंच ही बसली होती.

आईनं बाटली खाली ठेवली. मग तिनं विचारलं की किती वर्सं बसली असंल. त्यांनी सांगितलं, पंचवीस-तीस. तिनं मनाशी काही जुळवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, म्हंजी फिलम मिळत व्हती तर. आणि ताई, ती हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. लबाड मानूस, लबाड मानूस, असं पुटपुटत होती. डोळे पुसले ते हसण्यानं की कशानं, मी विचारलं नाही.

बूच तिनं स्वतः परत लावलं. ज्योतीरामांनी पुडीतली अक्षत तिच्या तळहातावर ठेवली. तिनं ती पेटी ठेवायच्या रिकाम्या चामडी घरावर वाहिली, हळदकुंकूही त्यालाच लावलं. पेटीला नुसता दुरून नमस्कार. मग आई जेवली, आणि तिनं ज्योतीरामांना आग्रह करकरून चार पोळ्या वाढल्या.

दसऱ्याच्या दुपारी ते पुन्हा आले. फिल्म भरण्याआधी त्यांनी पेटी कठड्यावर ठेवली, मागचं दार उघडून पतंगाचा पांढरा कागद ताणून लावला आणि आईच्या डोक्यावरून घोंगडी घेतली. आत कागदावर मळा उतरला होता. मी नंतर पाहिला. अगदी चिमुकला आणि उलटा. आंबा वरून खाली लोंबत होता, ज्वारी वर आभाळासारखी पसरून डुलत होती, आणि त्या सगळ्याच्या खाली निळं तळं होतं, ते खरं तर आभाळ. आई घोंगडीतून बाहेरच येईना. तिनं आतूनच विचारलं की ह्यांना मळा असा दिसायचा व्हय? ज्योतीराम म्हणाले, माणसाला नाही, फक्त पेटीला असा दिसतो. मग आतून बारीक आवाज आला, की असा वर टांगल्यावर ह्याच्यावर चुन्याची रेघ कोन मारनार.

फिल्मवर आठ फोटो. पहिला आईचा, आंब्याखाली, बावीस पावलांवरून. हिरवं लुगडं. मान वर. बटण दाबलं आणि पेटी वाजली. एवढासा आवाज, चिमणीनं दाणा टिपल्यासारखा. पुढचे सहा विहिरीचे, मोटेचे, पाटाचे. आठवा राहिला तेव्हा आई म्हणाली की हा मी काढते. कुणाचा काढणार विचारलं तर म्हणाली, कुणाचा न्हाई, तुमी समदी मागं व्हा. कठड्याशी उभी राहिली, ज्योतीरामांनी तिचं बोट बटणावर ठेवून दिलं आणि बाजूला झाले. तोवर ऊन चांगलंच उतरलं होतं.

सुमनची खुशाली कळव. आम्ही वाट बघतो.

उद्धव

दिघी, ९ नोव्हेंबर १९५५

रा. रा. उद्धवराव यांस, ज्योतीरामचा रामराम.

फिल्म मी स्वतः धुतली. सोबत फोटो पाठवतो. आईसाहेबांचा पहिला फोटो पाहून मला माझ्याच कामाचा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

आठव्याबद्दल माफी मागायची आहे. ऊन पाठीशी होतं आणि सावल्या लांबल्या होत्या. मी त्यांना दोन पावलं बाजूला घ्यायला हवं होतं. त्यांची सावली खाली डाव्या कडेला आली आहे. सांगाल तर तेवढी पट्टी कापून पुन्हा छाप काढून देतो. आंबा पूर्ण राहील, काळजी नसावी.

पेटीला काही झालं तर मी आहेच. काही झालं नाही तरी यावं.

ज्योतीराम

।। श्री ।।

बार्शी, १९ नोव्हेंबर १९५५

चि. उद्धवास ताईचे आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो आणि ज्योतीरामांची चिठ्ठी पाडव्याला मिळाली. त्याच सकाळी सुमनला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. दुसऱ्या दिवशी इथं पेढे वाटले तेव्हा तिथं तुम्ही मळ्याचा ताबा दिला असेल. आंब्याचं काय झालं ते लिहू नकोस. विचारीन तेव्हा सांग.

आईचा फोटो बाळंतिणीच्या खोलीत लावला आहे. आईला ते ज्योतीरामांकडून कळलं, अण्णांचा शब्द आपण मोडला नाही; आणि कळूनही आई हसली, तेव्हा माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

आता आठवा फोटो. ज्योतीरामांना आजच्या आज निरोप दे की काहीही कापू नका. काल दुपारी सगळी निजली तेव्हा मी कपाट उघडून साडीच्या घडीतला जुना फोटो काढला आणि दोन्ही जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले. तोच कठडा, तोच आंबा, आता जरा थोराड. दोन्हीत माणूस नाही. एकात खाली डाव्या कडेला पागोट्याची सावली. दुसऱ्यात त्याच जागी, बोटभरही इकडे तिकडे नाही, डोक्यावरून घेतलेल्या पदराची.

आई-अण्णांचा जोडीनं काढलेला फोटो आपल्या घरात नव्हता रे. आता झाला.

दोन्ही एका चौकटीत बसवून घेते आहे. बाळीला घेऊन येऊ तेव्हा आणीन.

तोवर आईला जप,
तुझी ताई