दोन टॉवरांमधलं झाड

१४ मार्च

परवाच्या गारपिटीपासून गावातले सगळे फोन मुके. चामोर्शीचा टॉवर टेकडीवरच्या टॉवरला सिग्नल देतो, टेकडी आमच्या गावाला. हवेतूनच, पण सरळ रेषेत – डिशला डिश दिसली पाहिजे. मधे काही आलं की संपलं!

टॉवरची देखभाल माझ्याकडे, म्हणून आज गावच्या टॉवरवर चढलो. टेकडीकडे पाहिलं तर नेमका म्हाताऱ्या बायनाबाईच्या मोहाच्या झाडाचा शेंडा आडवा, वादळात कलला असणार. सापडलं!

१५ मार्च

बायनाबाई ऐकेना. मोह तिच्या सासूकडून आलेला, त्याची फुलं गावात दुसरं कुणी वेचत नाही. "फुलं आता पडून राह्यले भाऊ, आन् तू आताच काप म्हनतं?"

मी चिडलो. म्हणालो, बसा मग फुलं वेचत, रोशनीचा फोन नको असेल तर! रोशनी तिची एकुलती लेक, बल्लारपूरला सासरी, दिवस भरलेले. बोललो आणि लगेच वाईट वाटलं. म्हातारी उठून आत गेली.

१६ मार्च

सकाळी स्वतःच आली. "काप." झाडाला हळदकुंकू लावलं, पदरानं बुंधा पुसला. शेंडा खाली आला तेव्हा तिनं पाठ फिरवली. मग बसून त्यावरच्या कळ्या खुडत राहिली.

सिग्नल नाही.

१८ मार्च

अजून नाही. आधी टेकडीवरच जायला हवं होतं. पण तिकडे वाघीण पिल्लं घेऊन फिरते, वनरक्षकाशिवाय जाता येत नाही. आणि झाड तर समोरच होतं!

१९ मार्च

वनरक्षक खुशालभाऊंना घेऊन गेलो. वरची डिश वादळानं फिरलेली – बोटभर! सरळ केली, नट आवळले, सिग्नल आला.

तिथून गावाकडे पाहिलं. रेषा मोहाच्या कितीतरी वरून जाते. त्या दिवशी गावच्या टॉवरवर मी डिशपर्यंत चढलोच नव्हतो, खालच्या फळीवरूनच बघितलं होतं. तिथंच खाली बसलो. खुशालभाऊ म्हणाले, "काऊन बसला गा? झालं ना काम?"

२० मार्च

रोशनीला मुलगी झाली. बायनाबाई गावभर सांगत सुटली आहे – "मोह देला म्हनून पोरीचा आवाज आला!" मला पेढा भरवला. तोंडात पेढा, काय बोलणार? उद्या सांगतो.

२१ मार्च

उजाडताच मनसारामभाऊ दारात. खांद्यावर कुऱ्हाड. "माहा पोरगा हैदराबादले हाय, बोलता बोलता फोन तुटते. माहाबी मोह काप."

मागे आणखी तिघं उभे.