मागे घड्या घालणारा माणूस

शुक्रवार, ७ मार्च. दुपारी ४.५५.

बाहेर जायच्या दारापाशी स्टुलावर बसलो होतो. मांडीवर पॅड, दोन पेनं – एक जास्तीचं. तीनचा खेळ सुटला. प्रेक्षक अकरा.

टॉकीजच्या मालकांना हा ब्रिटिश सिनेमा फुकट मिळालाय. अट एकच: बाहेर पडणारा प्रत्येक माणूस काय म्हणाला ते लिहून दर गुरुवारी दिग्दर्शकाला पाठवायचं. मालकांची पुतणी त्याचं इंग्रजी करणार, माझ्या मूळ कागदांचे फोटोही सोबत जाणार. काम माझ्याकडे आलं ते अक्षरामुळे. "शाळा अर्ध्यात सुटली पोराची, पण ऱ्हस्व-दीर्घ चुकेल तर शपथ!" मालक पुतणीला सांगत होते. मग माझ्याकडे वळून, "आपल्या पदरचं काही घालू नकोस हं. लोक बोलतील तेवढंच."

गोष्ट अशी आहे. दोन बेकार मित्र. नाणं टाकून चालणारी लाँड्री. तिथलं कपडे वाळवायचं तीन नंबरचं मशीन – त्यात बसलं की माणूस थेट १९७४ सालात! पैसे नव्हते बनवणाऱ्यांकडे, हे लपत नाही. भूतकाळ म्हणजे तीच लाँड्री, फक्त भिंतीवरचं कॅलेंडर बदललेलं.

जाड चष्म्याचे काका: "पन्नास वर्षं मागे गेले आणि बादली तीच?"

कॉलेजच्या दोघी: "भंगार आहे. उद्या परत येणार."

नवरा: "मला काही कळलं नाही." बायको: "घोरत होतात तुम्ही." नवरा: "मग तेच तर सांगतोय!"

बसचा ड्रायव्हर: "इतकं मागे जायला मिळालं, आणि करतात काय, तर हरवलेला पायमोजा शोधतात! मी असतो तर..." पुढे बोललाच नाही. मीही तिथेच तीन टिंबं दिली.

प्रोजेक्टरच्या खोलीतले प्लग काढले. जिन्यावरून परत जाऊन पाहिलं. काढलेलेच होते. खाली आलो, परत गेलो.

शनिवार, ८ मार्च.

प्रेक्षक नऊ. आज सगळे एकाच माणसाबद्दल बोलत होते.

"मागे कोणीतरी कपड्यांच्या घड्या घालतोय बघ. १९७४ मध्ये तोच, आजच्यातही तोच. स्वेटरसुद्धा तोच!"

"खरा कालप्रवासी तोच आहे. हे दोघे उगाच मशीनमध्ये शिरतात."

"अरे, तिथला नोकर असेल तो. शूटिंग चाललंय हे त्याला कोणी सांगितलंच नसेल."

चष्म्याचे काका परत आले होते: "अख्ख्या सिनेमात काम करणारा तेवढा एकच दिसला."

हसलो मीही. लिहिता लिहिता पेन घसरलं, ओळ पुन्हा काढावी लागली. मी अजून सिनेमा पाहिलेला नाही. माझी जागा दाराबाहेर.

रविवार, ९ मार्च. सायंकाळी ५.२०.

आज आत उभा राहून पाहिला. त्या माणसासाठीच.

पंचविसाव्या मिनिटाला तो येतो. पाठमोरा. डोक्यावर मागे विरळ झालंय. शर्ट हनुवटीखाली धरतो, डावी बाही आधी आत, मग उजवी, मग पोटावरून वर. आणि शेवटी कॉलरवर दोन बोटांची टिचकी.

ती टिचकी बाबांची आहे! आमच्या लाँड्रीत टिचकी वाजली की समजायचं – हा शर्ट झाला, मोजा. बाबांनी ती दोघांनाच शिकवली. दादाला आणि मला.

पुढच्या दृश्यात तो कडेने दिसतो. दाढी ठेवलीय. जाड झालाय.

दादा आहे.

बाहेर येऊन स्टुलावर बसलो. लोक बोलत गेले, मी लिहीत गेलो. आता वाचतोय तर एकही ओळ आठवत नाही. अक्षर मात्र नीट आहे.

सोमवार, १० मार्च.

घड्याळ लावून मोजलं. चार दृश्यं. एकूण एक मिनिट बावन्न सेकंद. शर्ट अकरा.

मंगळवार, ११ मार्च. दुपारी २.

खेळाला तास आहे. इथे कोणी नाही. या माझ्या वहीत लिहून टाकतो, पॅडवर नाही. कुठेतरी लिहायलाच हवं.

आठ वर्षांपूर्वी आमची लाँड्री जळाली. मी सोळाचा, दादा बावीसचा. त्या दुपारी बाबा साबणाच्या गोण्या आणायला बाजारात गेले होते. दादा जेवायला निघाला. मला म्हणाला, "एवढा शेवटचा शर्ट मार, प्लग काढ, कुलूप लाव आणि ये. आईने वाढलंय." किल्ली माझ्या हातात दिली. (दुसरी बाबांकडे असायची.) मी शर्ट केला. टिचकी मारली. कुलूप लावलं. घरी येऊन किल्ली दादाला परत दिली.

प्लग काढल्याचं आठवत नाही. न काढल्याचंही आठवत नाही! आठ वर्षं तो एक क्षण शोधतोय. शर्ट दिसतो, कुलूप दिसतं, मधलं काहीच दिसत नाही.

तीनला शेजारचा सांगत आला. आम्ही पोचलो तेव्हा छप्पर बसलं होतं. लोकांचे कपडे, चारही इस्त्र्या, सगळं गेलं. बंबवाला म्हणाला, इस्त्री चालू राहिली होती, टेबलावरून लागलंय. बाबांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. "शेवटी कोण होतं आत?"

माझं तोंड उघडलं होतं, हे मला पक्कं आठवतं. आवाज फुटला नाही.

दादा म्हणाला, "मी."

बाबा म्हणाले, "माझ्या नजरेसमोर राहू नकोस." तो आठ दिवस मित्राकडे राहिला, मग गेला. कुठे, कोणालाच सांगितलं नाही. मी शाळा सोडली. बाबा हॉस्पिटलच्या कपडेखोलीत लागले – चादरी मोजायला. कधी दुसऱ्याच्या हाताखाली काम केलं नव्हतं त्यांनी. घरात दादाचं नाव निघत नाही. निघालंच तर बाबा उठून पाणी प्यायला जातात.

घंटा झाली. जातो.

बुधवार, १२ मार्च.

आईला आणलं. म्हटलं, फुकटचा पास आहे, चल जरा. "मला कुठलं समजणार इंग्रजी?" म्हणत आली. शेजारी बसलो. काही सांगितलं नाही. पंचविसावं मिनिट आलं.

आईने माझं मनगट पकडलं. सोडलंच नाही शेवटपर्यंत. लोक हसत होते. ती नुसती पुढे वाकून, मान तिरकी करून बघत होती – तो खांबाआड जातो ना, तेव्हा खांबाच्या पलीकडे बघायला.

बाहेर आल्यावर मी पॅड घेऊन उभा. सवयीने विचारलं, "कसा वाटला?"

आई म्हणाली, "स्वेटर उसवलाय कोपरावर. कोणी शिवून देत नाही वाटतं."

लिहिलं. "एक बाई:" असं लिहिलं, आणि तिचं वाक्य.

वाटेत म्हणाली, "यांना सांगू नकोस इतक्यात." थोडं पुढे गेल्यावर, "जेवत असेल ना रे नीट? जाड झालाय म्हणजे जेवत असेल." मग आणखी पुढे, "का बाहेरचं खाऊन सुजलाय?"

गुरुवार, १३ मार्च.

कागद गेले. एकूण एकोणीस पानं. शेवटच्या पानाच्या तळाशी मी आपल्या पदरचं एक वाक्य घातलं: "मागे घड्या घालणारा माणूस कोण आहे आणि तो बरा आहे का?" पुतणीने विचारलं, "हे कोणत्या प्रेक्षकाचं?" म्हटलं, "एका."

शनिवार, १५ मार्च.

प्रेक्षक चार. उत्तर नाही.

रविवार, १६ मार्च.

प्रेक्षक तीन, त्यातला एक चुकून शिरलेला. कॉलेजच्या दोघींपैकी एकच आली, सिनेमाभर फोनवर दुसरीशी भांडत होती. "मत लिहा – दोस्ती खोटी असते!" लिहिलं. उत्तर नाही.

सोमवार, १७ मार्च. दुपारी १२.४०.

उत्तर आलं. पुतणीने ऑफिसात वाचून दाखवलं. मी टेबलाची कड धरून उभा होतो.

दिग्दर्शक लिहितो – लाँड्री त्याच्या मावशीची. तो माणूस तिथे तीन वर्षं कामाला आहे. शूटिंगला दुकान बंद ठेवणं परवडत नव्हतं, म्हणून तो मागे काम करत राहिला. सगळे हसतात म्हणून दिग्दर्शकाने आमचे कागद त्याला दाखवायला नेले. त्याने इंग्रजी बाजूला ठेवलं आणि माझे मूळ कागद वाचायला घेतले! दिग्दर्शक चाट पडला. "त्याने सगळी पानं दोनदा वाचली. एका बाईच्या वाक्यावर बोट ठेवून बराच वेळ उभा राहिला – स्वेटरच्या. मग मला विचारलं, यात एका म्हाताऱ्या इस्त्रीवाल्याचं मत आहे का? मी म्हटलं, नसावं. तो मशीनकडे निघून गेला. तुम्ही विचारलंय, तो बरा आहे का. काय सांगू? काम चोख करतो. कोणाशी बोलत नाही."

पुतणी म्हणाली, "काय योगायोग आहे, नाही? आपली भाषा येते त्याला!"

म्हटलं, "हो ना."

मंगळवार, १८ मार्च.

मालक म्हणाले, "गुरुवारी उतरवतो. अकराचे नऊ झाले, नवाचे चार, काल दोन. पुढच्या आठवड्यात तू आणि मीच बसायचं का, एकमेकांचं मत विचारत?" गुरुवारी फक्त तीनचा खेळ.

दुपारी आईला सगळं सांगितलं. पत्राचं. आणि प्लगचंही.

ती कोणाचं तरी जाकीट उसवत होती. कात्री खाली ठेवली. "आठ वर्षं हे पोटात घेऊन जेवलास?"

मी उसवलेले दोरे वेचत बसलो.

"मला शंका नव्हती असं नाही," आई म्हणाली. "दादाने किल्ली तुझ्याकडून घेतलेली पाहिली होती मी. पण विचारलं नाही. एक गेला होता. दुसऱ्याला विचारून काय, तोही घालवू?" मग कात्री उचलली. "यांना तू सांग. मी सांगणार नाही. आणि रडत सांगू नकोस, त्यांना चालत नाही."

बुधवार, १९ मार्च. दुपारी १.३०.

हॉस्पिटलच्या कपडेखोलीत गेलो. बाबा उशांचे अभ्रे मोजत होते. मी दाराशीच उभा राहून बोललो – रडलो नाही. दादा कुठे आहे ते सांगितलं. त्याने काय विचारलं ते सांगितलं. आणि म्हटलं, "त्या दिवशी शेवटी मी होतो, बाबा. दादा नव्हता. प्लग माझ्याकडून राहिला."

बाबांनी वर पाहिलं नाही. "मोजणी चुकवलीस माझी," म्हणाले आणि परत एकपासून सुरुवात केली.

चाळीसपर्यंत उभा राहिलो. त्या चाळीसमध्ये एक चादर त्यांनी तीनदा उलगडली आणि तीनदा घातली. अभ्रे मोजताना चादर कशाला?

"उद्या तीनला शेवटचा खेळ आहे," म्हटलं.

"मला कामं आहेत."

मला वाटलं होतं ओरडतील. मारतील तरी. निघालो तेव्हा पाठीमागून म्हणाले, "तू कुलूप लावलं होतंस का?"

"हो."

"हं," म्हणाले.

गुरुवार, २० मार्च. सायंकाळी ५.

तीनचा खेळ. प्रेक्षक एक.

बाबा तिकीट काढून आले, पास घेतला नाही. मधल्या रांगेत बसले. संपल्यावर दिवे लागले तरी बसूनच. मग दाराशी आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. मी पॅड मांडीवर घेतलं, विचारायचं धैर्य झालं नाही.

"लिही," म्हणाले. सांगितलं ते, जसंच्या तसं:

"घडी बरोबर घालतोस. तुझा भाऊ कुलूप लावून गेल्यावर मी आलो होतो. माझ्याजवळच्या किल्लीने उघडलं. प्लग काढलेला होता. मी लावला – माझी पँट करायची होती. मग बाजारात गोण्यांची गाडी आली म्हणून हाक आली आणि मी तसाच धावलो. शेवटी कोण होतं हे मला माहीत होतं. तू 'मी' म्हणालास. मी म्हणू दिलं."