झाकणावरची ओळ

ब्रेनर्ड, मिनेसोटा

लाइल,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं.

काल फोनवर केवढा खुशीत होतास! "मार्लिस, जुन्या खेळण्यांच्या पारख्यानं तुझ्या बाहुलीच्या खोक्याला दहापैकी नऊ गुण दिले! चिकटपट्टीसुद्धा उचकटलेली नाही. झाकणावर शाईचे डाग होते, तेवढे जाणकाराकडून काढून घेतले."

डाग? अरे, ते आपल्या आईचं अक्षर होतं! 'मार्लिस, नाताळच्या सकाळी उघड.' नाताळाआधी आठ दिवस ती गेली आणि माझा हात त्या खोक्याला लागेना. तू म्हणालास, "मी जपतो." चव्वेचाळीस वर्षं प्रार्थनेत तुझं नाव घेतलं. दर नाताळला तुझ्याकडे जेवायला आले, की तुझ्या कपाटाच्या काचेआडून ती ओळ वाचायची आणि घरी परतायचं. आईच्या हातचं दुसरं काही माझ्यापाशी नाही. आणि तू पुठ्ठा जपलास!

पाद्रीबाबा म्हणाले, रविवारच्या आत क्षमा कर. गुडघे टेकले, तुझ्या नावापर्यंत आले आणि तशीच उठले.

हे पत्र टपालात टाकत नाही. शनिवारी मीच येतेय, शिवणाची कात्री घेऊन. आईनं उघडायला सांगितलं होतं.

तुझी बहीण (हे अजून खोडलेलं नाही),
मार्लिस