डावी बाजू भिंतीकडे

तीर्थस्वरूप सौ. मामींना,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार, आणि ते थोडा वेळ तिथंच राहू द्यावं ही विनंती, कारण पुढचं वाचताना तोंड समोर दिसलं तर तुम्हाला जास्त राग येईल. गुडघा कसा आहे? ताई आणि बाळ मजेत असतील. मामांचं ब्लडप्रेशर किती आहे? (हे मी नुसतं विचारायचं म्हणून विचारत नाही, आकडा हवाय.) फोनच करणार होतो, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर आणि मामा कायम शेजारी. म्हणून तुम्ही बाळाच्या कपड्यांचं जे पार्सल मागवलंत, त्यातल्या लंगोटांच्या घडीत हे पत्र ठेवतोय. मामा लंगोटांना हात लावणार नाहीत, एवढी खात्री आहे.

इकडे सगळं ठीक आहे. गाडीही ठीक आहे. गाडीचा विषय मी काढणार नव्हतो, पण आता निघालाच आहे तर सांगतो.

मामा ताईकडे जायला निघताना काय म्हणाले ते तुमच्यासमोरच म्हणाले. गाडी जशी ठेवून जातोय तशी मिळाली तर ट्रक कंपनीवाल्या मित्राकडे माझ्या नोकरीसाठी शब्द टाकतील, नाहीतर मी बाबांकडे परत. आत्तापर्यंत मी सहा नोकऱ्या सोडल्या (सातवी धरू नका, तिथं त्यांनी मला सोडलं), पण ही गाडी चालवायची नोकरी आहे, एका जागी बसायचं नाही, त्यामुळे ही मला खरोखर हवीय. म्हणून सूचनांचा कागद रोज वाचत होतो. मामांचा तो जाड काळा मार्कर! घरातली एक वस्तू त्याच्यातून सुटलेली नाही. बादल्यांवर 'फक्त फरशी', 'फक्त कपडे', माझ्या कपावर 'हा तुझा'. कागदावर सात सूचना, आणि सातवीखाली दोन रेघा: गाडी लावताना डावी बाजू भिंतीकडे. निघताना तुम्हीही तेच दोनदा बजावलंत.

तर मंगळवारी सकाळी टाकीची मोटर लावली आणि कोपऱ्यावर खड्ड्यात गेलेला ट्रक क्रेनने काढत होते तो बघायला गेलो. पाच मिनिटं बघणार होतो. पण मामी, क्रेनवाला माणूस असा शांत असतो की त्याच्याकडे बघून आपल्यालाही आयुष्यात काही घाई नाही असं वाटायला लागतं. असो. परत आलो तेव्हा टाकी वाहत होती, बोअरचं पाणी थेट गाडीवर पडून वर उन्हात वाळलं होतं, आणि त्या काळसर निळ्या रंगावर टपापासून डिकीपर्यंत पांढरी वर्तुळं. कांजिण्या आल्यासारखी. ओल्या फडक्याने पुसली, ओढणीने पुसली (तुमची नाही, ताईची जुनी), ढिम्म हलली नाहीत.

मग चौकातल्या पॉलिशवाल्याकडे गेलो. म्हातारा माणूस, मोजून बोलतो. त्याने सांगितलं की हे पाण्यातले क्षार आहेत; गाडी सावलीत घे, पत्रा गार होऊ दे, अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी फडक्याने लाव, वीस मोज आणि धुऊन टाक. सावलीसाठी गाडी भिंतीपासून काढून शेडखाली घेतली (हे लक्षात ठेवा). बारापर्यंत मोजलं तर शेजारच्या आजोबांनी किती वाजले विचारलं. सांगितलं, पण मग बारा झाले होते की अकरा वाजून वीस, काही आठवेना, पुन्हा एकपासून. असं करत बरेच डाग गेले.

तिथं थांबलो असतो तर हे पत्र एका पानाचं झालं असतं. पण म्हातारा म्हणाला, प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत हात घाल आणि रंगावरून फिरव. फिरवला, तर गाडी नव्हे, पॉलिशपेपर! शेजारी ग्रिल-फाटकं बनवणारा दिवसभर लोखंड कापतो, त्याचा कीस उडून रंगात रुतलाय म्हणे. त्याने एक औषध दिलं. ते फवारलं आणि दोन मिनिटांत गाडीवरून जांभळे ओघळ वाहायला लागले. रंग विरघळला असं समजून 'फक्त फरशी' आणि 'फक्त कपडे' दोन्ही बादल्यांनी अकरा वेळा पाणी ओतलं आणि तसाच ओला पळत चौकात गेलो. म्हाताऱ्याने वर न बघता सांगितलं, "ते लोखंड रडतंय, गाडी नाही. घरी जा."

मग साबणाच्या पाण्यावर क्लेचा गोळा (रुतलेला कीस ओढून घेणारी कणीकच म्हणा) फिरवायचा, जमिनीवर पडला तर फेकून द्यायचा, नाहीतर त्याला चिकटलेली माती ओरखडे काढते. माझा तीनदा पडला, तीन गोळे फेकले. पण आता गाडी अशी आहे की तिच्यात बघून दाढी करावी. तेव्हा चिंता नसावी. मामांना नमस्कार, बाळाला पापा.

तुमचा भाचा

ता. क. एक अगदी बारीक गोष्ट राहिली. डाव्या मागच्या दारावर हँडलखाली बोटभर लांब, जरा फुगलेला एक डाग होता. क्लेने जाईना. डांबर समजून डांबर काढायचं औषध चोळलं. गेला. आणि त्याच्याखालून ओरखडा निघाला, पत्र्यापर्यंत खोल. फडक्यावर निळा रंग, त्यात चमकी. म्हाताऱ्याने फडकं हुंगलं आणि म्हणाला, "हे गाडीचं नाही. हे नखांना लावतात."

आणखी ता. क. मामी, आपल्या घरात निळं नेलपॉलिश लावून कोणाला कधी पाहिल्याचं मला आठवत नाही. तरी बाटली सापडली, तुमच्या शिवणाच्या डब्यात, तळाशी. पार वाळलीय. खरं म्हणजे एवढ्याचसाठी पत्र लिहिलं: ती कुठल्या दुकानातून आणलीत ते कळवा, म्हणजे तशीच नवी आणून ओरखडा पुन्हा झाकतो. तुम्ही रविवारी येताय. मी कोणाला काही विचारणार नाही, तुम्हीही मोटर आणि क्रेनबद्दल काही बोलू नका.

शेवटचं ता. क. कुरिअरचं दुकान बंद होतं म्हणून पार्सल घरीच राहिलं ते बरं झालं. संध्याकाळी म्हातारा स्वतः बघायला आला. कानात घालायची कापसाची काडी त्या ओरखड्याच्या खाचेत फिरवली, तर ती काळी झाली. नेलपॉलिशच्याही खाली, त्याच्या आधीची, जाड मार्करची शाई आहे. मी माझा कप आणून शेजारी धरून बघितला. तीच.

म्हणजे तो ओरखडा तुमच्या हातून झालाय असं समजून तुम्ही इतकी वर्षं भिंतीकडे, भिंतीकडे करत होतात, तेव्हा तो आधीच तिथं होता, मामांनीच पाडलेला आणि मार्करने झाकलेला. नवी बाटली आता शोधत नाही. रविवारी गाडी स्टेशनवर घेऊन येतो. डावी बाजू तुमच्याकडे करून उभी करीन. मामांच्या समोर ते मागचं दार तुम्ही स्वतः, सावकाश उघडा, आणि माझ्या नोकरीचा विषय तेव्हाच काढा.