नाव माझं, खुणा तुझ्या

दहिवली, कर्जत
सोमवार, १२ जानेवारी २०२६

प्रिय येसाजी,
सखारामचा सप्रेम जय भीम.

आम्ही सगळे इकडे बरे आहोत. तूही साजगावात बरा असशील. नसतास तर दहिवलीपर्यंत बातमी यायला कितीसा वेळ लागतो! तुझी बहीण बरी आहे, गुडघे सोडून. मी बरा आहे, साखर सोडून. रुपेशचं नेहमीचं चाललंय आणि दीक्षा तिच्या सासरी मजेत आहे.

तुला फोन केले होते. सात. रुपेश म्हणाला, "बाबा, मामांनी तुमचा नंबर ब्लॉक केलाय." मग त्याच्या फोनवरून लावला, तर माझा 'हॅलो' ऐकला आणि कट केलास. म्हणून हे स्पीड पोस्ट. पोस्टमन सही घेतल्याशिवाय हलणार नाही, आणि एकदा सही केलीस की तू फोडून वाचणारच. दुसऱ्याचं पाकीट असतं तरी फोडलं असतंस, मला काय तुझा स्वभाव ठाऊक नाही?

काम लहान आहे. मला तुझा उजवा हात पाहिजे. अर्ध्या तासापुरता.

झालंय असं. माझ्या पेन्शनच्या कागदात चंद्राची जन्मतारीख चुकलीय. कागदाप्रमाणे ती माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. हे तिला सांगितलं त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं, दुसऱ्या दिवशीही नव्हतं. पण चेष्टा बाजूला. माझ्यानंतर तिला पेन्शन चालू राहायची तर हे नीट करायलाच पाहिजे. मला सदुसष्ट पुरी झाली. 'माझ्यानंतर' हे आता नुसतं बोलण्यापुरतं राहिलेलं नाही.

म्हणून आम्ही दोघं माजी सैनिकांच्या ऑफिसात गेलो. तिथे सुप्रिया नावाच्या मॅडम आहेत, आपल्या दीक्षाच्या वयाच्या, पण कामात एकदम कडक. त्यांनी माझ्या भरतीच्या वेळचा कागद काढला आणि म्हणाल्या, "काका, आधी तुमची ओळख पटवू. उजवी बाही वर करा."

केली.

"गोंदण कुठंय?"

"कसलं गोंदण?"

"इथे लिहिलंय ना. उजव्या हातावर, कोपराखाली, 'चंद्रभागा'."

चंद्रा शेजारीच बसलेली. आधी छान लाजली. मग तिच्या डोक्यात काहीतरी चमकलं आणि तिने सगळ्या ऑफिसाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अवो, तुमची भरती सत्त्याहत्तरची, आपलं लगीन एक्क्याऐंशीचं. लग्नाच्या आधीच माझं नाव तुमच्या हातावर कुठनं आलं? आन् आलं तर गेलं कुठं?"

पलीकडे एक सुभेदारसाहेब स्वतःच्या कामाला आले होते, ते खुर्ची ओढून आमच्याजवळ येऊन बसले.

"दुसरी खूण," मॅडम म्हणाल्या, "हनुवटीला डावीकडे टाक्यांचा व्रण." माझी हनुवटी त्यांनी इकडून बघितली, तिकडून बघितली, दाढी वाढल्येय का म्हणून चष्मा पुसून बघितली. शेवटी कागद टेबलावर ठेवला. "काका, यातलं नाव तेवढं तुमचं आहे. माणूस दुसराच आहे."

तो दुसरा माणूस कोण ते मला तिथेच कळलं, आणि एव्हाना तुलाही कळलं असेल. हनुवटी तू बोरघाटात माकडासारखा उड्या मारताना फोडली होतीस. आणि आई गेल्यावर बारा वर्षांच्या चंद्राने भाकऱ्या थापून तुला जेवू घातलं, म्हणून खोपोलीच्या बाजारात गोंदणारीपुढे हात धरून बसला होतास. किती रडलास ते इथे लिहीत नाही, पत्र कोणी वाचलं तर उगाच तुझी शोभा.

घरी आल्यावर रुपेशने अक्कल लढवली. "बाबा, स्टेशनाकडे टॅटूवाला आहे. चाळीस मिनिटांत काम होईल." खोटं कशाला बोलू, मी गेलो. दुकानात कानात बाळी घातलेला पोरगा. म्हणाला, "अंकल, फाँट कुठला?" म्हटलं, सत्त्याहत्तर सालचा. म्हणाला, "सोबत गुलाब टाकू?" म्हटलं, बाबा रे, सरकारी कागदात गुलाब नाही. मग त्याने मशीन सुरू केलं. त्याचा तो घर्रर्र आवाज ऐकला आणि मला एकदम आठवलं की आपल्याला साखर आहे, जखम लवकर भरत नाही. उठलो. दारात चंद्रा उभी!

"कागदातली चूक दुरुस्त करायची सोडून माणूसच दुरुस्त करायला निघालात व्हय?" म्हणाली. भर बाजारातून मला पुढे घालून घरी आणलं.

मग तहसीलबाहेरच्या टायपिस्टने दुसरा रस्ता काढला. प्रतिज्ञापत्र. 'गोंदण होतं, पण औषध लावून काढून टाकलं.' खाली माझी सही, साक्षीदार म्हणून बायकोची. सगळं टाइप करून तयार. चंद्राने वाचलं आणि पेन परत दिलं. "माझं नाव पुसलं असं मी लिवून देनार नाय. माझ्या भावाच्या हातावर हाय ते."

मी म्हटलं, अगं, दहा वर्षं होत आली. दीक्षाच्या लग्नातून जाताना म्हणाला नव्हता का, हात सोलून काढीन म्हणून? एव्हाना काढलंही असेल. ती मेथी निवडत बसली आणि निवडता निवडता रडली. मला स्वतःचा राग आला, पण बोललेलं परत घेता येत नाही.

तर मंगळवारी, २७ तारखेला, सकाळी अकरा वाजता मॅडमनी बोलावलंय. खुणा ज्याच्या आहेत तो माणूस समक्ष आला आणि अदलाबदल कशी झाली ते दोघांनी सांगितलं, तर कागद दुरुस्तीला पुढे जाईल. रुपेश गाडी घेऊन तुला न्यायला येईल. कशी झाली ते मी सांगेन, तू नुसती मान हलव.

कळावे. लोभ आहे तसा असावा.
तुझा दाजी,
सखाराम

बुधवार, १४ जानेवारी

येशा, वर सही दिसली म्हणून पत्र संपलं असं समजू नकोस. पाकिटाला डिंक लावायच्या आत तुझ्या बहिणीने पत्र हातातून काढून घेतलं. चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून, सगळं वाचलं. मला वाटलं, मेथीवरून बोलेल. तर म्हणते, "पायाचं कुठं हाय?"

"कसल्या पायाचं?" मी म्हटलं.

"मला बावळट समजू नगा. लिवा."

पायाचं असं आहे. मॅडमनी मला आताच्या खुणा लिहून आणायला कर्जतच्या एका डॉक्टरकडे पाठवलं होतं. त्याने मला नखशिखांत तपासलं, आणि तळवे बघून हसायलाच लागला. "काका, हे तर पाटासारखे सपाट आहेत. सैन्यात घेतलं कसं तुम्हाला?" चंद्रा तिथेच होती. घरी आल्यावर पाणी दिलं आणि मग म्हणाली, "दादाच्या तळव्याला चांगली पोकळी हाय. लहानपनी त्याचे काटे मीच काढलेत. मग सपाट पायाचा म्हनून त्याला परत कसा धाडला?"

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मला एवढा घाम कधी फुटला नव्हता.

आता ऐक, आणि ऐकून झाल्याशिवाय पत्र फाडू नकोस.

पनवेलच्या मैदानावर भरती होती. गेटवर प्रत्येकाला नंबराचा बिल्ला दिला. माझा एकोणतीस, तुझा तीस. तुझं वजन किलोभर कमी पडत होतं म्हणून आदल्या दिवशी कोणीतरी सांगितलं, केळी खा. तू दीड डझन खाल्लीस आणि वर तांब्या-तांब्या पाणी प्यायलास. वजनात पास झालास. आणि काट्यावरून उतरतोस न उतरतोस तोच केळ्यांनी पोटात बंड केलं. बिल्ला माझ्या हातात कोंबलास आणि चड्डी सांभाळत शेताकडे जो पळालास, की हवालदार म्हणाला, याला धावण्यात घ्यायला पाहिजे.

परत आलास तेव्हा रांग डॉक्टरच्या तंबूत शिरत होती. घाईत मी तुला एक बिल्ला दिला, एक माझ्याकडे ठेवला. डॉक्टर नाव विचारत नव्हता, नुसता नंबर. माझ्या तळव्यांवर त्याने टिचकी मारली, साहेबाला काहीतरी इंग्रजीत सांगितलं, आणि लिहिलं. तुझं गोंदण वाचलं, हनुवटी बघितली, पाठीवर थाप मारली, आणि लिहिलं.

बाहेर निकाल वाचला. एकोणतीस, सखाराम, पास. तीस, येसाजी, नापास, सपाट पाय.

तू मातीत बसलास. मी तुझ्याजवळ यायच्या आधी बिल्ला परत करायला गेलो, आणि हातात बघितलं तर तीस.

येशा, तेव्हा मला सगळं कळलं. आज नाही, तेव्हाच. हवालदार समोर उभा होता. एक वाक्य बोललो असतो तर झालं असतं. मी बिल्ला डब्यात उलटा टाकला. तू तर तुझा न बघताच टाकलास. घरी खायला नव्हतं, बापाला तोंड दाखवायचं होतं, ही सगळी कारणं मी नंतर शोधली. त्या क्षणी मी फक्त घाबरलो होतो की नोकरी जाईल.

ट्रेनिंगमध्ये रोज रात्री पिंढऱ्या धरून रडायचो. उस्ताद म्हणायचा, अरे तुझा पाय आहे की फळी? आणि तू, ज्याने बोरघाट अनवाणी तुडवला, तू कारखान्यात हमाली धरलीस आणि सपाट पायाच्या म्हणून आतून उंच केलेल्या खास चपला शिवून घेतल्यास. एकोणपन्नास वर्षं! चांगल्या पायांना! दर वेळी तू त्या आमच्या दारात काढायचास आणि मी तिकडे बघायचो नाही.

आणि एवढं माहीत असताना दीक्षाच्या लग्नात मी काय केलं? तू पंगतीत म्हणालास, "पाय चांगले असते तर मीपण पलटणीत गेलो असतो." आणि मी चार माणसांत हसून म्हणालो, "पायच नाय, डोकंपण सपाट हाय तुझं." तू ताटावरून उठलास. सगळ्यांना वाटलं, चेष्टा अंगाला लागली. मला माहीत होतं की चोर मी आणि चेष्टा तुझी. तू उठलास तेव्हा मला बरं वाटलं होतं, कारण आता तुझ्या चपला दारात दिसणार नव्हत्या. इतका मी हलका माणूस आहे.

मॅडमना मी आडून विचारलं, असं कोणाचं झालं असेल तर? म्हणाल्या, सतरा वर्षं नोकरी केलीत, ती काही कोणी परत मागत नाही. मला त्यांची भीती नव्हतीच, मला तुझी होती.

२७ तारखेला आलास, तर हे सगळं तुझ्यासमोर मॅडमना सांगेन आणि खाली सही करेन. नाही आलास, तर त्या खोट्या कागदावर मी सही करणार नाही. मग माझ्यानंतर चंद्राचे जे हाल होतील ते माझ्या माथी. तिला हे मी सांगितलं. म्हणाली, "पेन्शनचं बगू काय ते. दादाला आधी कळू दे."

गोंदण ठेवलं असशील तर ये. सोलून काढलं असशील तरी ये, तिने तुला बघितलेलं नाही दहा वर्षांत. मला मारावंसं वाटलं तर मार, मी हात उचलणार नाही. माफी मागायला फार उशीर झाला हे मला कळतं. तरी मागतो.

तुझ्या जागेवर सतरा वर्षं नोकरी केलेला,
सखाराम